दुर्बिणीतली बीण

प्रश्न कागल तालुक्यातल्या एका विज्ञानाच्या बाईंचा आहे. त्यांच्या सातवीच्या पोरांनी प्रदर्शनासाठी जेम्स वेबची प्रतिकृती केली. पुठ्ठ्याचे १८ षटकोन कापून त्यांवर मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद डकवला, खाली सूर्याच्या उन्हाला आडोसा म्हणून पतंगाच्या कागदाचे पाच थर लावले. फलकावर लिहिलं, ‘जेम्स वेब अवकाश दुर्बीण’. परीक्षकांनी ‘दुर्बीण’वर लाल रेघ मारली आणि वर ‘दूरदर्शी’ लिहिलं. कारणं दोन सांगितली: एक, दुर्बीण म्हणजे डोळ्याला लावायची नळी, दोन, शब्द परका आहे. बाई विचारतात, बरोबर काय? आणि जाता जाता, दुसऱ्या ग्रहांची पाहणी करायला धाडतात त्या ‘प्रोब’ला मराठीत काय म्हणायचं?

बाई, आधी ती लाल रेघ पुसा.

‘दूरदर्शी’ हा शब्द मराठीत कधीच नेमून दिलेला आहे. आपल्या कोल्हापुरात कावळा नाक्यापासून रंकाळ्यापर्यंत जेवढे वाढदिवसाचे डिजिटल फलक लागलेत त्यांतल्या निम्म्यांवर ‘दूरदर्शी नेतृत्व’ असतं. ‘अवकाश दूरदर्शी’ असं वाचलं की मला तरी महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीतला उमेदवारच दिसतो. दुसरीकडे बातम्यांमध्ये ‘दूरबीन’ ऐकू येतं. ती हिंदी. आपली नव्हे.

नळीचा मुद्दा तर टिकतच नाही. न्यूटनने १६६८मध्ये भिंगाऐवजी आरसा वापरला तेव्हा कुणी त्या यंत्राचं बारसं पुन्हा केलं नाही. वेबचा आरसा साडेसहा मीटरचा आहे, ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे आणि तिला कुणी डोळा लावत नाही, हे खरं. पण नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करतात, तिथे तर बघण्यासारखा प्रकाशच नाही. तरी मी एकदा नारायणगावच्या एसटीत ‘दुर्बिणीपाशी उतरायचंय’ म्हटलं, तर कंडक्टरने मान वर न करता तिकीट फाडलं. आणि आपल्याच गावात दर दोन दवाखान्यांआड पाटी आहे, ‘दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया’. पित्ताशय काय १५ लाख किलोमीटरवर असतं का? मराठी माणसाने या शब्दातलं ‘दूर’ कधीच अंतराने मोजलेलं नाही. जिथे नुसती नजर पोचत नाही तिथे पोचते ती दुर्बीण. डोळ्याशीच नातं हवं असेल तर हबल ही अवकाश दुर्बीण आठवा. १९९०मध्ये वर गेली आणि आरशाची कड केसाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी जास्त घासली गेल्याचं कळलं. १९९३मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन तिला चष्मा लावला.

आता खरी गंमत, ‘परका’ या आरोपाची.

दुर्बीण फारसीतून आली हे शाळेतलं पोरही सांगेल: दूर आणि बीन, लांबचं पाहणारी. (‘दूर’ अधिक ‘वीणा’, कारण ती वीणेसारखी लांबोडकी दिसते, असंही एका जाणकारांनी मला ठासून सांगितलं होतं. वीणेला डोळा लावून बघा म्हणावं.) गॅलिलिओच्या यंत्राला १६११मध्ये रोमच्या एका मेजवानीत ‘टेलिस्कोप’ हे ग्रीक नाव मिळालं, त्याचाही अर्थ अक्षरशः हाच. यातल्या ‘दूर’बद्दल भांडण नाही. फारसीतला दूर आणि संस्कृतातला दूर हे एकाच घरातले. लोक अडतात ‘बीन’पाशी.

हे ‘बीन’ जुन्या फारसीत ‘वइन’ होतं, पाहणे. फारसीत शब्दाच्या सुरुवातीच्या जुन्या ‘व’चा पुढे ‘ब’ होतो. आपला वात तो त्यांचा बाद, आपले वीस ते त्यांचे बीस्त. इराणच्या दारयवहु (डरायस) राजाने अडीच हजार वर्षांपूर्वी बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरवला त्यात तो म्हणतो, ‘तू, जो पुढे कधी हा लेख पाहशील...’ मूळ शब्द आहेत ‘इमाम् दिपिम् वइनाहि’. ‘इमाम्’ तर संस्कृतात जसंच्या तसं आहे आणि ‘दिपि’ म्हणजे आपल्या लिपीची सख्खी. राहिलं ‘वइनाहि’, पाहशील. हीच आपली बीण! त्यात वर हे की लेख जमिनीपासून सुमारे १०० मीटर उंच कड्यावर आहे. खालून तो वाचायचा म्हटलं तर दुर्बीणच लागेल.

या ‘वइन’ची बहीण वेदांत आहे, वेन्. अर्थ ओढीने शोधणे, न्याहाळणे. तिच्यावरून वेन, म्हणजे शोधक, द्रष्टा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात या वेनाचं अख्खं सूक्त आहे. आणि यजुर्वेदात (३२.८) म्हटलंय: ‘वेनस्तत्पश्यन्निहितं गुहा सद्यत्र विश्वं भवत्येकनीडम्’. गुहेत दडलेलं ते वेनाने पाहिलं, जिथे सगळं विश्व एक घरटं होतं. ही ओळ मी पहिल्यांदा या अंगाने वाचली तेव्हा चहा गार झाला होता. गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या खांबांचा फोटो हबलने १९९५मध्ये काढला होता, त्यात नुसत्या काळ्या भिंती. २०२२मध्ये वेबने अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशात तिकडेच पाहिलं आणि आत जन्मणारे तारे दिसले. निहितं गुहा! ऋषींना अवरक्त माहीत होतं असलं काही मी म्हणत नाही, कृपा करून तसं पुढे ढकलू नका. मी एवढंच म्हणतो की दुर्बिणीचे दोन्ही तुकडे वेदांच्या भावकीतले आहेत. परीक्षकांनी घरच्याच लेकीला उंबऱ्याबाहेर काढलं.

भाषाशुद्धीवाल्यांशी माझं जुनं वाकडं आहे आणि त्यात आपल्या राजाराम कॉलेजात शिकवून गेलेले माधव जूलियनही सुटत नाहीत. १९२५मध्ये ज्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला, त्यांनीच पुढे आपल्या जुन्या कवितांतले फारसी शब्द वेचून काढले. कोशासाठी त्यांना दंडवत. वेचणीसाठी नाही. कोण परका हे ज्याला शब्दाशब्दाला ठाऊक होतं, त्याने तरी नातीगोती आधी तपासायची.

बरं, फारसीत शेवटी ‘न’ आहे, मग आपल्याकडे ‘ण’ कुठून आला? बाईंनी हे विचारलेलं नाही, विचारायला हवं होतं. माझा सिद्धांत असा: जे शब्द छावणीत, बाजारात कानावरून आले त्यांना मराठीने ‘ण’ लावला, जे दफ्तरात लेखणीतून आले त्यांचा ‘न’ राहिला. म्हणून निशाण, हैराण, पठाण, साबण. इंग्रजांकडून कानावरून घेतलेलं बटण आणि पलटणसुद्धा. उलट जमीन, दुकान हे सनदांतले, वसुलीच्या वह्यांतले, त्यांचा ‘न’ शाबूत. दुर्बीण लष्कराच्या वाटेने आली, तिला ‘ण’ मिळाला. आमच्या सकाळच्या फिरण्यातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, ‘मग दिवाण कुठं बसायचा, छावणीत का दफ्तरात?’ आणि खासबागेकडे हात करून, ‘मैदानाचं काय? ते तर लष्कराचं आणि पैलवानांचं, त्याला न कसा?’ मी म्हटलं, मैदानाचं बघू. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं की मराठीत वाघीण, मैत्रीण, सुईण अशी ‘ईण’वाली स्त्रीलिंगी नामं ढीगभर आहेत, ‘बीन’ त्या रांगेत जाऊन बसली आणि आपोआप बीण झाली. रूपंही तशीच चालतात: वाघिणीचा, दुर्बिणीचा. ऐकायला बरं वाटतं. पण वाघाची ती वाघीण, मग दुर्ब नावाचा गडी कुठं आहे? मास्तर हसले, पण त्यांनी मत सोडलं नाही आणि मीही सोडलेलं नाही.

हां, ‘प्रोब’. लांबून चक्कर मारून जाणारी किंवा ग्रहाभोवती फिरणारी असतील त्यांना शोधयान चांगलं आहे, व्हॉयेजर असो की कॅसिनी. पण आत शिरणाऱ्या यंत्राला यान म्हणणं मला जरा मोठं वाटतं. लक्ष्मीपुरीत व्यापारी पोतं न उसवता त्यात एक टोकदार नळी खुपसतो आणि आतलं मूठभर धान्य तळहातावर घेतो, ते खरं प्रोबचं काम. गॅलिलिओ यानाने १९९५मध्ये गुरूच्या ढगांत जी कुपी सोडली ती तासाभराच्या आत दाबाने आणि उष्णतेने संपली, तोवर आतल्या हवेची खबर पाठवत राहिली. शनीच्या टायटन या चंद्रावर २००५मध्ये उतरलेली हायगेन्सही त्याच जातीची. तिला शोधकुपी म्हणा.

आणि फलक पुन्हा रंगवाल तेव्हा: दु ऱ्हस्व, बी दीर्घ, ‘दुर्बिणीचा आरसा’ लिहिताना मात्र बि ऱ्हस्व. ण बाणातला.