बाबांना विमानाची भीती वाटते, गोव्याच्या मोपा विमानतळावरून पहिल्यांदाच न्यायचंय. काय करू?

माझी आई मालवणची, भर वाऱ्यात होडीत निर्धास्त बसणारी. पण विमानात तिचे हात गार पडले होते, म्हणून मनापासून सांगतो. पंखाजवळची सीट घ्या; होडीच्या मध्यावर हेलकावे कमी, तसंच तिथे. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज एकदम उतरतो, तिथेच माणूस सगळ्यात जास्त घाबरतो. इंजिन बंद पडलेलं नसतं, जोर मुद्दाम कमी केलेला असतो. हे बाबांना घरीच सांगून ठेवा. पावसाळी ढगांत हादरे बसतात, पट्टा बांधलेलाच असू दे. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. उतरताना आईने तोंडात आमसूल धरलं. गिळत राहिल्याने कानाला दडे बसले नाहीत.