न्यू जर्सीत शाळा म्हणते, 'मुलाची प्रगती चांगली आहे, उन्हाळ्यात ईएसवाय (एक्स्टेंडेड स्कूल इयर, म्हणजे सुट्टीतही चालू राहणारं विशेष शिक्षण आणि थेरपी) मिळणार नाही.' आता काय करता येईल?

मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे, आयईपी (शाळेने त्याच्यासाठी आखलेली वैयक्तिक शिक्षण योजना) चालू आहे आणि मार्चच्या बैठकीत शाळेने तोंडी नाही म्हटलं, असं तुम्ही लिहिलंय. तोंडी नकारावर थांबू नका. ईएसवायची मागणी आजच ईमेलने केस मॅनेजरला (मुलाची आयईपी सांभाळणाऱ्या शाळेतल्या व्यक्तीला) पाठवा. न्यू जर्सीच्या नियमांनुसार अशा लेखी मागणीला 20 दिवसांत, कारणांसह लेखी उत्तर द्यावं लागतं (शाळेच्या सुट्ट्या या दिवसांत धरत नाहीत, उन्हाळी सुट्टी मात्र धरतात).

आता मागणीत काय लिहायचं ते. बहुतेक पालक इथेच चुकतात. 'घरी कंटाळतो', 'आणखी शिकेल', 'आम्ही दोघंही नोकरी करतो' ही कारणं खरी असली तरी ईएसवायसाठी उपयोगाची नाहीत. ईएसवाय म्हणजे समर कॅम्प नव्हे आणि पुढच्या इयत्तेची तयारीही नव्हे. मुख्य प्रश्न असतो तो हा: सुट्टीत मूल किती विसरतं, आणि शाळा सुरू झाल्यावर पूर्वीच्या पातळीवर यायला त्याला किती दिवस लागतात? म्हणून 'प्रगती चांगली आहे' हे शाळेचं उत्तर मूळ प्रश्नाला धरून नाही. वर्षभर छान शिकणारं मूलही दहा दिवसांच्या खंडात बरंच गमावू शकतं.

हे आकड्यांनी दाखवा. आयईपीतली तीन-चारच उद्दिष्टं निवडा, शक्यतो संवाद, जेवण, टॉयलेट, वर्तन यांतली. शिक्षिका, स्पीच थेरपिस्ट आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) यांच्याकडच्या रोजच्या नोंदी लेखी मागा. पुढच्या आयईपी बैठकीआधी त्या पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. डिसेंबरच्या सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा, जानेवारीतला पहिला दिवस आणि मग दर आठवडा असे आकडे शेजारी शेजारी मांडा. समजा, डिसेंबरात तो 20 पैकी 16 वेळा स्वतःहून मदत मागत होता, सुट्टीनंतर 7 वेळा, आणि पुन्हा 16 वर यायला जानेवारीचा शेवट उजाडला, तर ही एक ओळ दोन पानी पत्रापेक्षा जास्त काम करते. स्प्रिंग ब्रेक अजून व्हायचा असेल तर सुट्टीच्या आदल्या दिवशी आणि परतल्यावर पहिल्याच दिवशी मोजमाप घ्या, अशी विनंती आत्ताच करून ठेवा. नंतर तो आकडा मिळत नाही. बाहेरच्या थेरपिस्टच्या नोंदी असतील तर त्याही जोडा. मात्र विसरणं हा एकमेव निकष नाही, आयईपी ठरवणाऱ्या टीमने सगळ्या संबंधित बाबी पाहायच्या असतात. एखादं कौशल्य नुकतंच जमू लागलंय आणि आता थांबलं तर हातचं जाईल, हेही आवर्जून लिहा.

'आमच्याकडे सगळ्यांना चार आठवडे, रोज तीन तास' असं ऐकवलं तर मान्य करू नका. आयडीईए या केंद्रीय कायद्याच्या नियमांत स्पष्ट आहे की ईएसवाय ठराविक अपंगत्वापुरतं ठेवता येत नाही आणि त्याचा प्रकार, प्रमाण, कालावधी शाळेला एकतर्फी बांधता येत नाही. एखाद्या मुलाला फक्त आठवड्यातून दोनदा स्पीच पुरेल, दुसऱ्याला पूर्ण वर्ग आणि बस दोन्ही लागतील. खर्च पालकांवर पडत नाही. हा हक्क लढून मिळालाय: वर्षाला 180 दिवसांपेक्षा जास्त शिक्षण कुणालाच न देण्याचा पेनसिल्व्हेनियातला सरसकट नियम 1979 साली आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लाइन खटल्यात टिकला नाही, आणि 1980 मध्ये ज्या अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला, त्याच्याच कक्षेत न्यू जर्सी येतं.

लेखी नकार आला तर त्यावरची तारीख पाहा. मध्यस्थी किंवा ड्यू प्रोसेसची (औपचारिक सुनावणीची) मागणी 15 दिवसांच्या आत केलीत तर शाळेने आयईपीत सुचवलेला बदल (उदा. आधीपासून मिळणारं ईएसवाय काढणं) लगेच अमलात आणता येत नाही. मध्यस्थी आधी करून पाहा, ती मोफत असते.

जुलैत भारतात जाणार असाल तर बैठकीतच तारखा सांगा. बुडालेली सत्रं भरून मिळतील असं धरून चालू नका. शक्य असेल तर तिकिटं ईएसवायचं वेळापत्रक हातात आल्यावर, ऑगस्टची काढा.