रिंग काढून सोल्युशन लावू नका (मी लावू दिलं होतं)

तुम्ही लिहिलंय, संडासापासून सेप्टिक टाकीपर्यंत २२ मीटरची लाइन आहे, वाटेत दोन वळणं आणि चार माड आहेत, आणि मिस्त्री म्हणतोय, "रिंगमुळे पाइप आत जात नाही, काढून टाकू आणि सोल्युशन मारू." पाइप ११० मिलिमीटर व्यासाचा घ्यावा की १६० चा, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर खाली देतो, पण तो प्रश्न किरकोळ आहे. खरी गोम त्या मिस्त्रीच्या वाक्यात आहे. (रिंग म्हणजे पाइपच्या फुगीर तोंडात, सॉकेटमध्ये, बसणारं रबरी कडं. सोल्युशन म्हणजे पाइप चिकटवायचा द्रव.)

आधीच सांगतो, मी प्लंबर नाही, इंजिनिअरही नाही. देवगडकडे वडिलोपार्जित घर आहे आणि तिथे एकच लाइन दोनदा घातली, एवढीच माझी पात्रता. तुमची जमीन, उतार, पाण्याची पातळी वेगळी असेल.

आमची लाइन पाखाडी, म्हणजे चिऱ्यांची पायवाट, ओलांडून जायची होती. पाखाडीचे चिरे उचलायचे म्हणून परवानगी हवी. कुठल्या कार्यालयाची ते सांगत नाही. फेब्रुवारीत अर्ज दिला. मार्चमध्ये "साहेब मीटिंगला", एप्रिलमध्ये "असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही". पोच घेतली नव्हती, ही माझी चूक. नवा अर्ज, नवे झेरॉक्स, आणि परवानगी हातात पडली २५ मेला. मृग तोंडावर. अशा वेळी गवंडी, प्लंबर, मजूर सगळे दहा ठिकाणी अडकलेले असतात. जो मिळाला त्याच्या तालावर नाचावं लागतं. तेव्हा अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक घ्या. समोरचा कितीही ओळखीचा असो.

मिस्त्री आला, पाइप करवतीने कापला आणि तसाच सॉकेटमध्ये रेटला. कापलेली कड धारदार, तिने रिंग आत ढकलली, पिरगळली. दोनदा असं झाल्यावर तो म्हणाला, "रिंग कित्याक व्हयी? सोल्युशन मारतंय, दगडासारख्या धरतला." एका ठिकाणी तर चुडतं (माडाच्या झावळ्या) पेटवून पाइपचं टोक तापवलं आणि फुगवून दुसऱ्यावर चढवलं. मी समोर उभा होतो. आभाळ भरून आलं होतं, मी मान डोलावली.

का बिघडलं ते नंतर कळलं. रिंगचं सॉकेट मुद्दाम थोडं सैल असतं, कारण पाणी अडवायचं काम रबराचं. सोल्युशन प्लास्टिकचे दोन पृष्ठभाग मऊ करून एकमेकांना चिकटवतं, ते फट भरत नाही. पेस्टिंगचं, म्हणजे सोल्युशनने चिकटवायचं, सॉकेट वेगळं येतं, घट्ट. रिंगच्या सॉकेटला सोल्युशन लावणं म्हणजे वरून रंग दिल्यासारखं. त्यात मे महिन्याच्या उन्हात तापलेला पाइप चरात घातला आणि आठ दिवसांत वर पाऊस. पीव्हीसी मीटरमागे, अंशामागे साधारण ०.०७ मिलिमीटर आकसतो. २० अंश उतरले तर तुमच्याएवढ्या २२ मीटरच्या लाइनमध्ये तीन सेंटीमीटर. रिंग असती तर प्रत्येक जोडात थोडं थोडं सरकून निभावलं असतं. आमच्या लाइनमध्ये सगळ्यात कच्च्या जोडाने ते एकट्याने सोसलं आणि तो उघडला.

पहिलं वर्ष काही जाणवलं नाही. दुसऱ्या गणपतीत मुंबईची चौदा माणसं घरात, आणि आरतीच्या आधी न्हाणीघराच्या जाळीतून घाण वर. भर पावसात चर उकरला. उघड्या जोडातून माडाच्या मुळांचा घोड्याच्या शेपटीएवढा झुबका आत गेलेला. माडाला दोष देऊ नका. धड पाइप त्याची मुळं फोडत नाहीत, जिथून ओल गळते तिथे पोचतात. विहीर वरच्या अंगाला म्हणून वाचली. (टाकीतलं पाणी जिरवणारा शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर लांब हवा. खालच्या अंगाला आणि त्याहून लांब मिळाला तर उत्तम.)

रिंग बसते हो, बसवावी लागते. पाइप काटकोनात कापा, कानशीने कड चहूबाजूंनी तिरकी घासा, सॉकेटची खोली पाइपवर पेन्सिलने आखा. खाचेतली वाळू पुसून रिंग बसवा, पाइपच्या टोकाला भांड्याच्या साबणाचं पाणी लावा. तेल, ग्रीस नको, रबर खराब होतं. पूर्ण आत ढकला आणि सेंटीमीटरभर मागे घ्या, पाइपला सरकायला जागा राहते. या सेंटीमीटरसाठीच एवढं लिहितोय. सॉकेटचं तोंड नेहमी चढाकडे.

आता तुमचा प्रश्न. एका घराला ११० पुरतो. १६० घेतला की भारी काम झालं असं वाटतं, पण थोडं पाणी मोठ्या पाइपात पसरतं आणि मैला मागे राहतो. उतार मीटरला दीड ते दोन सेंटीमीटर ठेवा. जमिनीखाली विटकरी-नारिंगी रंगाचा, आयएस १५३२८ (भारतीय मानकाचा क्रमांक) छापलेला पाइप घ्या. परसात एसएन ४ चालेल (एसएन म्हणजे पाइपच्या ताठपणाचा वर्ग), गाडी जाणार असेल तिथे एसएन ८. राखाडी एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी, पावसाचं पाणी यांचा पाइप) म्हणजे आयएस १३५९२, तो मुळात इमारतीसाठी. त्यातला 'ए' टाइप ११० मध्ये जेमतेम २.२ मिलिमीटर जाडीपासून येतो, पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला (हवा जायच्या नळीला) ठीक. दुकानदार तोच पुढे सरकवतो. तालुक्याला नारिंगी मिळतच नसेल तर 'बी' टाइप (३.२ पासून) मी नाइलाजाने चालवून घेईन, तेही गाडी न जाणाऱ्या जागी. हे माझं मत, पुस्तकात असं लिहिलेलं नाही.

फिटिंगमध्ये ९० अंशांचा एल्बो (काटकोनी जोड) जमिनीत घालू नका. ४५ चे दोन बेंड, मध्ये हातभर पाइप. जोडायला टी नको, वाय. डोअर बेंड (उघडायचं झाकण असलेला बेंड) चरात गाडला तर त्याचं झाकण पुढे गळणार आणि उघडायलाही मिळणार नाही, तो चेंबरमध्येच शोभतो. तुमच्या दोन्ही वळणांवर चेंबर बांधा, काठी घालायला जागा राहते. पागोळ्यांचं पाणी या लाइनमध्ये सोडायचा मोह टाळा, आपल्याकडचा पाऊस टाकी एका दिवसात भरून टाकेल.

तळाला जांभ्याचे टोकदार खडे राहू देऊ नका, १० सेंटीमीटर क्रश सॅण्डची गादी करा, पाइपच्या कुशीतही तीच ठासून भरा. पुळणीवरची वाळू आणू नका, कायद्यात बसत नाही.

चर अजून उघडा असेल तर खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरा आणि अर्धा तास प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून बघा. कागद ओला झाला तर मिस्त्रीचे उरलेले पैसे थांबवा. आमच्या मिस्त्रीला मी चर बुजवायच्या आधीच सगळे देऊन टाकले होते.