घरच्या ऑफिससाठी राउटर: अँटेना मोजू नका, अपडेट बघा

२०० एमबीपीएसची फायबर लाइन, ऑफिसचा लॅपटॉप व्हीपीएनवर (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी), आणि त्याच वायफायवर टीव्ही, कॅमेरे, मुलांचे फोन. यात सुरक्षित राउटर कुठला, असं तुम्ही विचारलंय.

खोक्यावरचे आकडे बाजूला ठेवा. आधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं सपोर्ट पान उघडून शेवटचं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) कधी आलं ते बघा. खालच्या स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जनही जुळवा. व्ही१ आणि व्ही२ची फर्मवेअर बहुधा वेगळी असतात. वर्ष-दीड वर्षात एकही अपडेट नसेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. २०१८ साली व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) जगभरातली किमान पाच लाख उपकरणं, मुख्यतः राउटर, ताब्यात घेतली, त्यांतल्या बहुतेकांच्या त्रुटी आधीच जाहीर झालेल्या होत्या.

मग डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत), स्वयंचलित अपडेट आणि गेस्ट नेटवर्क (मुख्य नेटवर्कापासून वेगळं वायफाय) आहे का ते तपासा. वॅन पोर्ट, म्हणजे इंटरनेटची केबल जिथे लागते तो पोर्ट, गीगाबिटच (१,००० एमबीपीएसचा) हवा. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत तो १०० एमबीपीएसचा असतो आणि तुमची २००ची लाइन ९५च्या आसपास अडकते.

फायबरवाल्याचा डबा, म्हणजे ओएनटी, ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो फक्त सिग्नल पुढे देईल आणि बाकी काम तुमचा राउटर करेल. त्यासाठी त्यांच्याकडून पीपीपीओई (लाइनवर लॉगिन करायची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (लाइनवरच्या नेटवर्कचा क्रमांक) मागून घ्या. आयडी चुकला तर वायफाय दिसतं पण नेट येत नाही, आणि लोक राउटरला दोष देत बसतात. लँडलाइन त्याच डब्यातून असेल तर ब्रिज केल्यावर ती चालेल ना, हे आधी विचारा. डब्याचं जुनं वायफाय बंद करायला विसरू नका.

राउटर लावल्यावर ॲडमिन पासवर्ड बदला. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरची सेटिंग बदलण्याची सोय), यूपीएनपी (उपकरणांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करा. डब्ल्यूपीएसचा पिन आठ आकडी दिसतो, पण तो चार-चार अंकांच्या दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक चेकसम (आधीच्या अंकांवरून काढलेला) असतो. म्हणजे १०,०००+१,०००, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. तुमचा वायफाय पासवर्ड कितीही लांबलचक असला तरी पिन सापडला की तो हातात येतो.

जुना प्रिंटर निव्वळ डब्ल्यूपीए३वर जोडला जाणार नाही. त्याच्यासाठी सगळं नेटवर्क मिक्स मोडवर (डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही) आणण्यापेक्षा त्याला लॅन केबल द्या.

टीव्ही आणि वायफाय कॅमेरे गेस्टवर टाका. बरेच कॅमेरे फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात, तेव्हा गेस्टचा तो बँड चालू ठेवा. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) केबलने जोडलेला असेल तर मात्र तो मुख्य नेटवर्कातच राहतो, गेस्टचा त्याला काही उपयोग नाही. तसा असेल तर पोर्टनिहाय व्हीलॅन देणारं (प्रत्येक पोर्टला वेगळं नेटवर्क करता येणारं), शक्यतो ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर चालणारं मॉडेल घ्या. इथे थोडे जास्त पैसे घालणं योग्य आहे. आणि राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (जिथे तो फक्त वायफाय पसरवतो) ठेवू नका, अनेक मॉडेलांत तिथे गेस्टचं वेगळेपण राहत नाही.

शेवटी फोनचा मोबाइल डेटा बंद करून तो गेस्टला जोडा आणि ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाका. पान उघडलं तर गेस्टच्या सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कची परवानगी चालू राहिली आहे, ती काढा.