आधी बोर्ड बघा, मग प्रोसेसर

वाचकांचे प्रश्न : डेस्कटॉप अपग्रेड

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे जुन्या डेस्कटॉपचं काय करायचं, हा प्रश्न घराघरांत आणि दुकानादुकानांत आला आहे. खान्देशातल्या वाचकांच्या पाच प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : चौथ्या पिढीचा इंटेल आय-३ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क असं मशीन आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं असं काम कोरल आणि फोटोशॉपवर चालतं. मोठी फाइल उघडली की सगळं अडकतं. याच बोर्डवर वापरलेला आय-७ बसवा, असं दुकानदार सुचवतो. बजेट ३५ हजारांच्या आसपास. काय करावं?
— डीटीपी व्यावसायिक, अमळनेर

उत्तर : आय-७ घेऊ नका. मोठी फाइल उघडताना तुमचं मशीन अडकतं ते प्रोसेसरपेक्षा रॅम आणि हार्ड डिस्कमुळे. ४ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेलं काम हार्ड डिस्कवर ढकलतं, आणि ती तर आधीच मंद. ही अडचण आय-७ ने सुटत नाही. शिवाय चौथी पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. इंटेलची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. आणि या बोर्डवर चौथ्या पिढीच्या पुढे जाताच येत नाही. म्हणजे पैसे घालूनही तुम्ही तिथेच राहणार.

दिवाळीपर्यंत वेळ मारून न्यायची असेल तर एक साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची वेगवान डिस्क) आणि डीडीआर३ ची ८ जीबीची वापरलेली कांडी एवढंच करा. एच८१ वर चार साटा पोर्ट असले तरी त्यातले दोनच ६ गिगाबिटचे असतात, बाकीचे दोन ३ गिगाबिटचे. बहुतेक बोर्डांवर त्यांचे रंग वेगळे असतात आणि शेजारी बारीक अक्षरांत नाव छापलेलं असतं. एसएसडी वेगवान पोर्टलाच जोडा. तीच एसएसडी पुढे नव्या मशीनमध्ये चालेल, डीडीआर३ कांडी मात्र चालणार नाही.

कायमचं करायचं तर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकत्रच बदलावं लागतं. तुमच्या कामाला आय-५ १२४०० योग्य आहे : ६ कोर, १२ थ्रेड. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला घेऊ नका. तो थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड नसेल तर डिस्प्लेच येणार नाही. बजेट ताणलं जात असेल तर आय-३ १२१०० घ्या. त्याचे ४ कोर पत्रिकेच्या कामाला पुरतात, मोठ्या फ्लेक्सला थोडी वाट बघावी लागेल.

बोर्ड एच६१० चा, डीडीआर४ घेणारा. एच६१० मध्ये डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकार मिळतात आणि डीडीआर४ ची कांडी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, खाच वेगळी असते. बिल करण्याआधी बोर्डच्या खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा. मॉनिटर जुना असेल तर मागे व्हीजीए पोर्ट आहे का तेही बघा. डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. पैसे कमी पडले तर आज ८ जीबीची एक कांडी घ्या, दुसरी तशीच कांडी नंतर. दोन कांड्या लावल्या की ड्युअल चॅनल सुरू होतं, म्हणजे दोन्ही कांड्या एकाच वेळी वापरल्या जातात, आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्याने फरक डोळ्याला दिसतो. विंडोजसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारी, जास्त वेगवान) एसएसडी घ्या. जुनी हार्ड डिस्क फाइली ठेवायला राहू द्या.

काटकसर एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, मात्र करू नका. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ‘४५० वॅट’ लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका, लेबलवरची १२ व्होल्टची ओळ वाचा. तिथे ३६ अँपिअर असेल तर ३६ गुणिले १२, म्हणजे ४३२ वॅट खरे. १५-१६ अँपिअर असेल तर तो डबा २०० वॅटच्याही खालचा आहे, वर काहीही छापलेलं असो. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याच्या प्रमाणपत्राच्या) दर्जाचा, ४५० वॅटचा एसएमपीएस तुमच्या मशीनला पुरून उरेल.

आता बसवताना काय बिघडतं ते. जुना बोर्ड काढल्यावर कॅबिनेटमधले पितळी स्टँड मोजा आणि नव्या बोर्डच्या भोकांशी जुळवा. भोक नसलेल्या जागी एखादा स्टँड उरला तर तो बोर्डच्या मागच्या बाजूला टेकतो आणि शॉर्ट होतो. मग लोक समजतात, बोर्ड खराब निघाला. दुसरं, जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज नव्या बोर्डवर बहुधा सुरू होणार नाही. ते जुन्या पद्धतीने टाकलेलं असतं आणि हे बोर्ड प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतात. एसएसडीवर विंडोज ११ नव्याने टाका, आणि टाकताना जुनी डिस्क काढून ठेवा, म्हणजे चुकून तीच फॉरमॅट होणार नाही. त्याआधी सगळे मराठी फॉण्ट पेनड्राइव्हवर उतरवा. मराठी सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक (सॉफ्टवेअर चालायला पोर्टला लावावी लागणारी कळ) असेल तर त्याचा विंडोज ११ चा ड्रायव्हर मिळतो का, हे कंपनीला आधी विचारा. या एका गोष्टीवाचून ऐन लग्नसराईत काम बंद पडू शकतं.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये भाव काढा किंवा ऑनलाइन घ्या, बिल जीएसटीचं पक्कं हवं आणि प्रोसेसर सीलबंद खोक्यातला. खोक्यातल्या इंटेल प्रोसेसरला ३ वर्षांची वॉरंटी असते. सुटा, ट्रेमधला घेतला तर वॉरंटीची जबाबदारी विकणाऱ्यावर असते, इंटेलकडे दाद लागत नाही.

प्रश्न : जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन उन्हाळ्यात दुपारी आपोआप बंद पडतं, संध्याकाळी नीट चालतं. बोर्ड गेला असं सांगतात. नवीन घ्यावं का?
— हिशेबनीस, चोपडा

उत्तर : आधी झाकण उघडा. जिनिंगजवळच्या मशीनमध्ये कापसाची तूस पंख्यातून आत ओढली जाते आणि पंखा व हीटसिंक (त्याखालची धातूची पाती) यांच्या मध्ये, नेमकी न दिसणाऱ्या जागी, अडकून राहते. वरून पंखा फिरताना दिसतो, पण वारा पात्यांतून खाली जातच नाही. बाहेर ४४ अंश असताना प्रोसेसर मर्यादेपर्यंत तापतो आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो.

खात्री अशी करा : दुपारी मशीन सुरू करून बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर) जा आणि प्रोसेसरचं तापमान दहा मिनिटं बघा. ८५-९० च्या वर चढत गेलं तर दोष तुसेचा. तापमान ५०-६० च्या आसपास असताना मशीन बंद पडलं तर एसएमपीएस बदलून बघा.

सफाईसाठी वायर काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. इंटेलच्या कूलरच्या चारही पिना वरच्या बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढा. तूस चिमटीने उचला, मग ब्रशने झाडा. ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो नको तितक्या वेगाने फिरला की बेअरिंग खराब होतं. जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी ठेवा. परत बसवताना पिना उलट्या फिरवून मूळ जागी आणा आणि समोरासमोरच्या जोडीने दाबा. एखादी पिन अर्धवट राहिली तर कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि मशीन पुन्हा तापतं. म्हणून बोर्डच्या मागून चारही पिनांची टोकं बाहेर आलेली दिसतात का ते बघा. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा. हंगामात दर महिन्याला एवढं केलंत तर बोर्डचा खर्च वाचेल.

प्रश्न : कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. नवीन एसएमपीएस बसवला तरी तेच. यूपीएस ६०० व्हीएचा आहे, त्यावर लेझर प्रिंटरही चालवतो.
— सेवा केंद्र चालक, यावल

उत्तर : दोष एसएमपीएसचा नाही, अर्थिंगचा आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग तुटलं की बॉडीवर निम्मा दाब, साधारण ११५ व्होल्ट, उभा राहतो. करंट अगदी थोडा असल्याने फक्त झिणझिण्या येतात. पण उद्या खरोखर फेज बॉडीला लागला तर त्याला जमिनीत जायला वाटच नसेल.

वायरमनकडून मल्टिमीटरने सॉकेट तपासून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवा. तापीकाठच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि माती अर्थिंगच्या इलेक्ट्रोडपासून सुटते, म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. आणि कोणी सॉकेटमध्ये न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनला जोडून देत असेल तर स्पष्ट नकार द्या. बाहेर न्यूट्रल तुटला की त्या जोडणीमुळे कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. यात जीव जाऊ शकतो.

प्रिंटर यूपीएसवरून आजच काढा. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, आणि लेझर प्रिंटरचा फ्यूजर (छपाई कागदावर पक्की करणारा गरम भाग) तापताना त्याहून कितीतरी जास्त ओढतो.

प्रश्न : इंजिनिअरिंगला आहे, ऑटोकॅड शिकतोय. बाराव्या पिढीचा आय-३, ८ जीबीची एक कांडी. जीटी ७३० चं ४ जीबी ग्राफिक्स कार्ड घेऊ का?
— विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : नको. ते कार्ड २०१४ मध्ये आलेलं आहे, ४ जीबी लिहिल्याने त्याचा वेग वाढत नाही. त्याच पैशांत रॅमची दुसरी कांडी घ्या. टू-डी ड्रॉइंगला तुमच्या प्रोसेसरचं ग्राफिक्स पुरतं.

प्रश्न : रायझन ३ ३२००जी आणि बी४५० बोर्ड आहे. त्यावर रायझन ५ ५६०० चालेल का?
— वाचक, नंदुरबार

उत्तर : चालेल, पण त्यात ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर ५६००जी घ्या. बोर्ड, रॅम, डिस्क सगळं तेच राहील.

बायोस आधी अपडेट करा, जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच. बोर्ड कंपनीच्या साइटवर सपोर्ट यादीत तुमच्या प्रोसेसरसमोर कमीत कमी कोणती आवृत्ती लागते ते लिहिलेलं असतं. फाइल एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि मशीन यूपीएसवर असल्याशिवाय सुरुवात करू नका. मध्येच लाईट गेली तर बोर्ड मृत होऊ शकतो. मग मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करून वायर काढा आणि कूलर सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवा. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. पेस्ट थंड आणि घट्ट असताना कूलर ओढला तर प्रोसेसर लॉकमधूनच उपटून येतो आणि पिना वाकतात. जुना ३२००जी नीट निघाला तर तो विकून थोडे पैसे परत येतील.