घरच्या संगणकावर शेकडो मराठी फॉन्ट साठले आहेत. ते नीट कसे लावावेत? जुने काढून टाकले तर चालेल का?

जुने काढून टाकू नका. बाकीचं सांगतेच, पण आधी हे.

मी घरून अक्षरजुळणीची कामं करते, अगदी पेजमेकर या जुन्या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या काळापासून. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक. एका कुटुंबाचा कुलवृत्तांत मी डीव्हीबीटीटी सुरेख या फॉन्टात जुळवला होता, वंशावळीच्या तक्त्यांसकट. पुस्तक छापून झालं, सीडी कपाटात गेली. पुढे एका सुट्टीत धाकट्या दिरांचा मुलगा आला. संगणक हळू चालतोय म्हणाला आणि मला न विचारता सगळे जुने फॉन्ट उडवून मोकळा झाला. "काकू, आता सगळं युनिकोड आहे, हा कचरा कशाला ठेवायचा?"

काही वर्षांनी त्या कुटुंबाला नव्या पिढीची नावं घालून दुसरी आवृत्ती काढायची होती. फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, मध्येच टक्क्याची खूण. त्यांच्या घरातल्या थोरल्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आमची नावं कुठं गेली?"

नावं तिथंच होती. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले असतात. काना वेगळा, रफार वेगळा, अर्धा म वेगळा. फॉन्ट काढला की त्या जागांवरची मूळ चिन्हं तेवढी दिसतात. युनिकोड या सगळ्या फॉन्टांना सामाईक पद्धतीत क ला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे मंगल या युनिकोड फॉन्टातला मजकूर मुक्ता या दुसऱ्या युनिकोड फॉन्टात नेला तरी क हा क च राहतो. जुन्या फाइलीला ही सवलत नाही. तिला तोच फॉन्ट लागतो.

आणि तोच म्हणजे अगदी तोच. फाइल उघडताना पेजमेकर संगणकावर नसलेल्या फॉन्टांची यादी दाखवतो, त्यामुळे नाव हाती होतं. (वर्डमध्येही मजकुरावर कर्सर ठेवला की फॉन्टच्या चौकटीत मूळ नाव दिसतं, मग तो संगणकावर असो वा नसो.) एका ओळखीच्यांकडून 'सुरेख' आणला, तो निघाला डीव्हीटीटी. नावात एका बीचा फरक, पण बीवाला द्विभाषिक, आतली मांडणीच वेगळी. पान काही केल्या लागेना. बरोबरचा फॉन्ट शेवटी छापखान्यातल्या जुन्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर सापडला. तो टाकला आणि सगळी वंशावळ जोडाक्षरांसकट जागेवर आली.

तेव्हापासून माझा साठा वेगळ्या ड्राइव्हवर असतो, त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरला साठा समजूच नका. विंडोज नव्याने टाकलं की तो गेला. दोन फोल्डर करा, युनिकोड आणि जुने. जुन्यांत पुन्हा मालिकेप्रमाणे: श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव. फाइलीचं नाव आणि मेनूत दिसणारं नाव बऱ्याचदा वेगळं असतं, म्हणून प्रत्येकाची एक ओळ छापून वर नाव लिहून ठेवा. इन्स्टॉल मात्र रोज लागतील तेवढेच करा. बाकीचे फॉन्टबेससारख्या प्रोग्रॅममधून हवे तेव्हा चालू, काम झालं की बंद. शेकडो फॉन्ट एकदम चालू ठेवले तर प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो, हे पुतण्याचं म्हणणं खरंच होतं. पण त्यावरचा उपाय बंद करणं हा आहे, पुसून टाकणं नव्हे. बाजूच्या ड्राइव्हवर पडलेली फाइल कुणाला हळू करत नाही.

विंडोज १० आणि ११ मध्ये नुसतं 'इन्स्टॉल' केलं की फॉन्ट तुमच्या खात्यापुरताच बसतो. जुन्या सॉफ्टवेअरला तो दिसला नाही तर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' घ्या. मंगलच सापडत नसेल तर ऑप्शनल फीचर्समधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' टाका.

नवा युनिकोड फॉन्ट ठेवण्याआधी 'लक्ष्मण शेळके, कुऱ्हाड, ॲड., उद्ध्वस्त' एवढं लिहून बघा. ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत तिथं चौकोन दिसतो. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर मजकुराची भाषा मराठी करून पाहा. तरीही बदलले नाहीत तर तो फॉन्ट मराठी पुस्तकाला वापरू नका. टिरो देवनागरी मराठी फुकट मिळतो आणि आपल्या वळणाचा आहे.

पुतण्याचा दुसरा मुद्दा होता, जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत की. आहेत, मीही वापरते. पण पहिली वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर सरकतात. लेखात ते वाचताना लक्षात येतं. वंशावळीत आडनाव बदललं तर कोणता स्पेलचेकर सांगणार? ताडून बघायला मूळ फॉन्टातलं पान समोर लागतंच. जुन्या प्रत्येक कामाची पीडीएफ म्हणूनच आजच करून ठेवा, तिच्यात फॉन्ट एम्बेड झालाय ना, म्हणजे फाइलीच्या आतच साठवला गेलाय ना, ते प्रॉपर्टीजमध्ये बघून.

नवीन काहीही लिहायचं ते युनिकोडमध्येच, यात माझं दुमत नाही. जुन्यांतले बरेच फॉन्ट विकतचे आहेत, तेव्हा परवाना बघूनच दुसऱ्या मशीनवर टाका. आणि तुमच्याकडे जुन्या फॉन्टातली एकही फाइल नसेल तर खुशाल काढा, फक्त तो संगणक घरात आणखी कोणी वापरत असेल तर त्यांना आधी विचारा.