वेगवान धनुष्य मागे का पडले?

प्रश्न : नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील जुनी शस्त्रे पाहताना मनात आले की, तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने दारू पेटवणारी बंदूक एकदा ठासून होईपर्यंत तिरंदाज पाच-सहा बाण सहज सोडत असेल. मग इतके चपळ शस्त्र मागे पडून ही संथ बंदूक कशी रुजली?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. नळीत मोजून दारू ओतायची, वरून गोळी सोडून ती गजाने ठासायची, नळीच्या बाजूच्या कानाशी, म्हणजे छिद्राशी, रंजक (पेट देणारी बारीक दारू) भरायची, जळती जामगी, म्हणजे वात, फुंकून तिचा निखारा लाल करायचा आणि मगच चाप ओढायचा. शिवाय हे सारे करताना तीच जामगी उघड्या दारूपासून जपायची. त्यामुळे मुरलेल्या बरकंदाजालाही (बंदूकधारी शिपायालाही) मिनिटाला एक-दोन बारांपलीकडे जाणे अवघड होते. नेमही बेताचाच असे. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी तिच्यापेक्षा किंचित लहान असल्याने गोळी आतल्या आत आपटत बाहेर पडे, आणि शंभर मीटरपलीकडे एकट्या माणसाला टिपणे बरेचसे नशिबावर राही.

तरीही बंदूक जिंकली, कारण तिच्या गोळीत जोर होता. साठ-सत्तर ग्रॅमचा बाण सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने सुटतो, तर तीस ग्रॅमची शिशाची गोळी चारशे मीटरच्या आसपास. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने निम्म्या वजनाच्या गोळीत बाणाच्या वीसपट किंवा त्याहून अधिक ऊर्जा भरते. गोल गोळीचा वेग हवेत लवकर ओसरतो हे खरे. पण जवळच्या पल्ल्यात ढाल आणि चिलखत तिच्यापुढे टिकणे कठीण होते.

माझ्या मते याहून निर्णायक ठरला तो माणूस. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवर सापडलेली धनुष्ये ओढायला सुमारे ४५ ते ८० किलो जोर लागत असावा, असा अंदाज आहे. असा दंड लहानपणापासूनच्या सरावानेच तयार होतो, आणि उपाशी किंवा तापाने खंगलेल्या सैनिकाचा बाण पहिल्या दिवसासारखा जात नाही. बंदुकीचा जोर दारूत असतो, त्यामुळे काही आठवड्यांच्या कवायतीवर नवखी माणसे रांगेत उभी करता येत. मोठे सैन्य झटपट उभारू पाहणाऱ्या राज्यकर्त्यांना हेच हवे होते.

अर्थात दारूचा धोकाही मोठा होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये आपल्या सीताबर्डीच्या लढाईत धाकट्या टेकडीवर ईस्ट इंडिया कंपनीच्या दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला, आणि त्या गोंधळात भोसल्यांच्या अरब सैनिकांनी हल्ला करून ती टेकडी घेतली. भात्यातल्या बाणांपासून अशी भीती कधीच नव्हती. पावसात जामगी विझते आणि रंजक भिजते. मात्र शिंग आणि तात (जनावराचे स्नायुबंध) यांच्या कमानीला, म्हणजे धनुष्यालाही ओल सोसत नाही, म्हणून पावसाळ्याचा मुद्दा धनुष्याच्या बाजूने फार ताणू नये.

शिकारीत गणित वेगळे होते. जामगीच्या वासाने सावज सावध होते आणि एका बारात सारे रान उठते. बाण चुकला तरी आवाज होत नाही, दुसरा लगेच लावता येतो आणि पहिला शोधून पुन्हा वापरता येतो. विदर्भाच्या पूर्वेकडील जंगलांत गोंड-माडिया शिकाऱ्यांनी बंदूक आल्यानंतरही दीर्घकाळ धनुष्य सोडले नाही, ते याच कारणांनी.